द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९): रंगाखाली झाकलेले कलाकार आणि जपून ठेवावीत अशी पुस्तकं

पिवळी_वाट

'द विझर्ड ऑफ ऑझ'वर धागा काढायचं कधीपासून मनात होतं. ज्युडी गार्लंड आणि तिचं इंद्रधनुष्याचं गाणं यांवर भरपूर लिहिलं गेलंय आणि ते योग्यच आहे. हा धागा मुद्दाम बाकीच्यांसाठी काढतेय.

या सिनेमातले निम्मे मोठे कलाकार रस्त्यात समोर आले असते तरी प्रेक्षकांना ओळखू आले नसते. बुजगावणं झालेल्या रे बोल्जरचा चेहरा गोणपाटासारख्या दिसणाऱ्या रबरी मुखवट्याआड, टिनच्या माणसाचं काम करणारा जॅक हेली चंदेरी रंगाखाली, बर्ट लार सिंहाच्या आयाळीत आणि दुष्ट चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन हिरव्या रंगात. सुरुवातीच्या कॅन्ससच्या प्रसंगांत हेच तिघे पुरुष शेतावरचे गडी म्हणून उघड्या चेहऱ्याने वावरतात, पण तेव्हा आपले डोळे डोरोथीवर, म्हणजे वादळाने कॅन्ससहून ऑझच्या जादूई देशात पोचणाऱ्या मुलीच्या भूमिकेतल्या ज्युडीवर असतात. फ्रँक मॉर्गनने तर पाच भूमिका केल्यात: गावोगाव फिरणारा प्रोफेसर मार्व्हल, एमराल्ड सिटीचा द्वारपाल, घोडागाडीवाला, पहारेकरी आणि खुद्द विझर्ड. पहिल्यांदा बघताना यातले दोन ओळखले तरी पुष्कळ.

मला ही माणसं खऱ्या अर्थाने कळली ती पुस्तकांमुळे. एमजीएम स्टुडिओने ऑक्टोबर १९३८ मध्ये शूटिंग सुरू केलं आणि ते मार्च १९३९ पर्यंत चाललं. दिग्दर्शक बदलत गेले. रिचर्ड थॉर्पला काढलं, जॉर्ज क्युकरने मध्ये थोडे दिवस येऊन डोरोथीचा सोनेरी विग आणि भडक मेकअप उतरवला, व्हिक्टर फ्लेमिंगने बहुतेक सिनेमा केला आणि तो 'गॉन विथ द विंड'कडे गेल्यावर कॅन्ससचे प्रसंग किंग व्हिडॉरने घेतले. एवढ्या उलथापालथीत टिकून राहिले ते कलाकार. त्यांच्याबद्दल कोणी काय वाचलंय, कोणाकडे कुठलं पुस्तक आहे, कुठलं मिळवण्यासारखं आहे, सगळं इथे लिहा.

मंजिरी_वाचते

धाग्याबद्दल मनापासून आभार! माझी सगळ्यात आवडती मार्गारेट हॅमिल्टन. चेटकीण म्हणून ती पडद्यावर जेमतेम बारा मिनिटं आहे आणि तेवढ्यात तिने कित्येक पिढ्यांना घाबरवलं. सिनेमात येण्याआधी ती बालवाडीत शिकवायची. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या एल. फ्रँक बॉमच्या पुस्तकावर लहानपणापासून तिचा जीव होता.

तिच्या भाजण्याची हकिकत ठाऊक आहे का? २३ डिसेंबर १९३८. मंचकिन या ठेंगण्या लोकांच्या मंचकिनलँडमधून चेटकीण लाल धुरात आणि ज्वाळेत अदृश्य होते, तो शॉट. जमिनीत एक झडप होती, तिच्यावर उभं राहायचं, धूर आला की खाली जायचं आणि मग ज्वाळा. पहिला टेक व्यवस्थित झाला, सिनेमात आहे तो तोच. पुढच्या एका टेकमध्ये ती खाली जायच्या आत ज्वाळा उसळली. झाडूने आणि टोपीने पेट घेतला, चेहरा आणि उजवा हात भाजला. त्या हिरव्या रंगात तांबं होतं, त्यामुळे तो भाजलेल्या कातडीवरून तातडीने काढावा लागला, आणि तोही स्पिरिटने. ही वेदना मी वाचतानाही सहन करू शकले नाही. सुमारे सहा आठवड्यांनी ती परतली ती आगीचं काम करणार नाही असं सांगूनच. हाताची कातडी इतकी नाजूक होती की रंग लावण्याऐवजी हिरवे हातमोजे घालावे लागले.

नंतर झाडूवर बसून आकाशात धुराने अक्षरं काढायच्या प्रसंगासाठी धूर सोडणाऱ्या नळीवर बसायचं होतं. तिने नकार दिला. तिच्या जागी बेटी डँको बसली, नळीचा स्फोट झाला आणि डँकोचा पाय जखमी झाला. डँकोचं नाव श्रेयनामावलीत नाही. मला वाटतं या सिनेमावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवायला हवं.

जुनी_पाने

मंजिरीताई, हे सगळं ज्या पुस्तकात सविस्तर आलंय ते आल्जीन हार्मेट्झचं 'द मेकिंग ऑफ द विझर्ड ऑफ ऑझ', क्नॉफ, १९७७. ऑझवरचं एकच पुस्तक घ्यायचं असेल तर हेच घ्या. प्रस्तावना स्वतः मार्गारेट हॅमिल्टनची आहे. हार्मेट्झच्या आई एमजीएमच्या कपडेपट विभागात कामाला होत्या, त्यामुळे स्टुडिओकडे बघण्याची तिची नजर आतल्या माणसाची आहे. ती नुसती नटनट्यांना भेटून थांबली नाही. पटकथाकार, संगीतकार, वेशभूषा, मेकअप, स्पेशल इफेक्ट्स अशी विभागवार प्रकरणं आहेत. वादळाचं प्रकरण तर फारच सुंदर आहे. आर्नल्ड गिलेस्पीने ते वादळ मलमलीच्या ३५ फुटी लांब नळकांड्यातून उभं केलं. आजही ते बघताना अंगावर काटा येतो.

घेताना एक बघा. या पुस्तकाच्या बुक क्लब प्रतीही (पुस्तक मंडळाच्या सभासदांसाठी वेगळ्या काढलेल्या) बाजारात फिरतात. जॅकेटच्या आतल्या घडीवर छापील किंमत आहे का ते तपासा. बुक क्लबच्या प्रतीवर ती सहसा नसते आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात बोटाला जाणवेल असा छोटा खळगा असतो. घडीचा कोपरा कापलेला असेल तर किंमत होती की नव्हती हे कळायला मार्ग उरत नाही, म्हणून कॉपीराइटच्या पानावर पहिल्या आवृत्तीचा उल्लेख शोधायचा. विक्रेत्याने फक्त मुखपृष्ठाचा फोटो टाकला असेल तर ते पान आणि दोन्ही घड्या यांचे फोटो मागून घ्या.

चित्रकथी

टिनच्या माणसाची गोष्ट कोणी लिहिली नाही अजून? मग मी लिहितो.

आधी बोल्जरला टिनचा माणूस दिला होता आणि बडी एब्सनला बुजगावणं. बोल्जरला बुजगावणंच हवं होतं, अंग सैल सोडून नाचण्यात त्याचा हातखंडा. एब्सनने आढेवेढे न घेता अदलाबदल मान्य केली. मग त्याच्या चेहऱ्यावर पांढऱ्या थरावर ॲल्युमिनियमची भुकटी लावली जाऊ लागली. ती श्वासातून फुफ्फुसांत गेली. शूटिंग सुरू होऊन काही दिवस होतात न होतात तोच त्याला श्वास घेणं अशक्य झालं आणि इस्पितळात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. त्याच्या जागी हेलीला आणलं. या वेळी भुकटीऐवजी ॲल्युमिनियमची पेस्ट वापरली, पण बदल का केला ते हेलीला सांगितलंच नाही!

आणि तरीही एब्सन सिनेमात आहे. विझर्डकडे निघाल्याचं जे गाणं चौघं मिळून गातात त्यात गटाच्या आवाजात एब्सनचा आवाज तसाच राहिला. हे कळल्यापासून मी ते गाणं कान देऊन ऐकतो.

एब्सन पुढे टीव्हीवर खूप गाजला आणि ९५ वर्षं जगला. १९९३ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, नाव 'द अदर साइड ऑफ ऑझ'. त्यात त्याची बाजू त्याच्याच शब्दांत आहे. एवढं सोसलेल्या माणसाने ज्या सिनेमात आपण दिसत नाही त्याचं नाव आत्मचरित्राला द्यावं, यातच सगळं आलं.

पिवळी_वाट

चित्रकथी, फार छान लिहिलंत. हेलीबद्दल थोडं माझ्याकडून. टिनच्या माणसाचा तो हळुवार, थोडा दम सोडत बोलणारा आवाज त्याने आपल्या लहान मुलाला गोष्टी सांगताना काढायचा तसा काढला. तो मुलगा म्हणजे जॅक हेली ज्युनिअर. त्याने पुढे १९७४ मध्ये लायझा मिनेलीशी लग्न केलं. म्हणजे टिनच्या माणसाचा मुलगा आणि डोरोथीची मुलगी! बुजगावण्याचा मोठा नाच बझबी बर्कलीने बसवला होता, तो सिनेमातून कापला गेला होता. १९८५ च्या 'दॅट्स डान्सिंग!' या नृत्यपटात तो लोकांना बघायला मिळाला, आणि त्याचा दिग्दर्शकही हेली ज्युनिअरच. बोल्जर त्या नाचात चेंडूसारखा उसळतो. जरूर बघा.

अनघा_क

वाचनखूण साठवली.

बर्ट लारचं नाव वर फक्त आयाळीपुरतं आलंय, ते मला चालणार नाही. :) त्याच्या मुलाने, जॉन लारने लिहिलेलं 'नोट्स ऑन अ कावर्डली लायन' (१९६९) वाचा. विनोदी नटाच्या मुलाने बापाबद्दल इतक्या प्रेमाने आणि इतक्या स्पष्टपणे लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. रंगमंचावर हसवणारा माणूस घरी कसा गप्प, कायम काळजीत असायचा, ते त्यात आहे. खऱ्या सिंहाच्या कातड्याचा तो जडशीळ पोशाख, वर स्टुडिओतल्या टेक्निकलरच्या (रंगीत चित्रीकरणाच्या) दिव्यांची उष्णता आणि त्यात हे गाणं, नाचणं, रडणं. याच लारने १९५६ मध्ये ब्रॉडवेवर बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'मध्ये एस्ट्रागॉन केला. घाबरट सिंहापासून तिथपर्यंतचा धागा मुलाने फार सुरेख जोडलाय. संग्रहासाठी म्हणून नाही, वाचण्यासाठी घ्या. साधी पेपरबॅक आवृत्तीसुद्धा चालेल.

धूमकेतू

यात ते मंचकिनने गळफास लावून घेतल्याचं दृश्य आहे म्हणतात, टिनच्या माणसाच्या प्रसंगाच्या शेवटी मागे झाडांत काहीतरी हलतं ते. पुस्तकांत त्याबद्दल काय आहे?

जुनी_पाने

तो एक मोठा पक्षी आहे, पंख पसरताना दिसतो. जंगल खरं वाटावं म्हणून लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयातून पक्षी आणून सेटवर मोकळे सोडले होते. जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या धूसर प्रतीत तो नीट दिसायचा नाही, त्यातून ही अफवा पसरली. सुधारलेल्या प्रतीत पंख स्पष्ट दिसतात. ही अफवा आता थांबायला हवी. ज्या माणसांनी तिथे काम केलं त्यांच्या वाट्याला आधीच अपमान काही कमी आले नव्हते.

मंजिरी_वाचते

जुनी_पाने यांना १०० टक्के अनुमोदन. मंचकिनांची कामं करणारे सव्वाशेच्या आसपास ठेंगणे कलाकार होते. सिनेमात त्यांच्यापैकी एकाचंही स्वतंत्र नाव नाही, लिओ सिंगरच्या मंडळाच्या नावाखाली सगळे एकत्र. त्यातले बरेच जण तर त्या मंडळाचे नव्हतेच, देशभरातून गोळा केलेले होते. बहुतेकांचे आवाजही दुसऱ्यांचे. पगाराचं म्हणाल तर टोटो झालेल्या टेरी या कुत्रीला आठवड्याला १२५ डॉलर होते आणि त्यांना त्याहून कमी.

म्हणूनच मला स्टीफन कॉक्सचं 'द मंचकिन्स रिमेम्बर' (१९८९) या सगळ्या संग्रहात फार मोलाचं वाटतं. तेव्हा हयात असलेल्या मंचकिनांना शोधून, भेटून त्याने त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. पुढे हेच पुस्तक वाढवून 'द मंचकिन्स ऑफ ऑझ' नावाने निघालं. डोरोथीला लॉलिपॉप देणारा जेरी मॅरेन, चेटकीण मेल्याचा दाखला वाचणारा माइनहार्ट राबं, ही नावं आज आपण घेतो ती अशा पुस्तकांमुळे. राबंने स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. मॅरेन २०१८ मध्ये ९८ व्या वर्षी गेला, मोठ्या वयाच्या मंचकिनांपैकी शेवटचा. कॉक्स थांबला असता तर हे सगळं त्यांच्याबरोबरच गेलं असतं.

चित्रकथी

१९८९ हे वर्षच तसं होतं. ५० वर्षं झाली म्हणून एकामागून एक पुस्तकं आली. जॉन फ्रिकी, जे स्कारफोन आणि विल्यम स्टिलमन यांचा सचित्र इतिहास (वॉर्नर बुक्स), मायकेल पॅट्रिक हर्नने संपादित केलेली पटकथा, ऱ्हिस थॉमसचं 'द रुबी स्लिपर्स ऑफ ऑझ'. मोठ्या आकाराच्या त्या सचित्र इतिहासात जाहिराती, पोस्टर्स, मेकअपच्या चाचण्यांचे फोटो भरभरून आहेत. थॉर्पच्या काळातली सोनेरी विगमधली ज्युडी बघा. तो विग राहिला असता तर सिनेमा कुठे गेला असता याचा अंदाज एका फोटोत येतो.

त्याच वर्षीच्या व्हिडिओ आवृत्तीत कॅन्ससचा भाग पुन्हा मूळच्या तपकिरी छटेत आला. मधली कित्येक वर्षं तो साधा काळा-पांढरा दाखवला जायचा. त्या छटेमुळेच दार उघडण्याचा शॉट जमलाय. घराचा आतला भाग तपकिरी रंगवलेला, दार उघडायला पाठमोरी उभी असलेली बदली नटी बॉबी कोशे तपकिरी कपड्यांत, आणि कॅमेऱ्यात फिल्म रंगीत. दार उघडतं, बाहेर मंचकिनलँडचे रंग, कोशे बाजूला सरकते आणि निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकमधली ज्युडी पुढे येते.

अनघा_क

आणि डोरोथीच्या त्या माणकांच्या चपला (रुबी स्लिपर्स)? थॉमसचं पुस्तक चोरीच्या आधीचं, पुढची गोष्ट त्यात नाही.

चित्रकथी

बॉमच्या पुस्तकात त्या चांदीच्या आहेत. टेक्निकलरमध्ये उठून दिसाव्यात म्हणून पटकथाकार नोएल लँगलीने त्या माणकांच्या केल्या. १९७० च्या एमजीएमच्या लिलावात एक जोड १५,००० डॉलरला गेला. स्मिथसोनियनमधला जोड तिथे १९७९ पासून आहे. दुसरा एक जोड ऑगस्ट २००५ मध्ये मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या ज्युडी गार्लंड म्युझियममधून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये एफबीआयला सापडला. तो तपासायला स्मिथसोनियनकडे दिल्यावर लक्षात आलं की दोन्ही जोडांतल्या चपलांची अदलाबदल झालीय, चारांचे मिळून दोन बरोबर जोड होतात! डिसेंबर २०२४ मध्ये तो सापडलेला जोड लिलावात शुल्कासह ३.२५ कोटी डॉलरला गेला. ज्या सिनेमाला नफ्यात यायला १९४९ चं पुनर्प्रदर्शन उजाडावं लागलं, त्यातल्या या चपला.

नवी_वाचक

मूळ पुस्तकाची पहिली आवृत्ती कशी ओळखतात? जुन्या दिसणाऱ्या खूप प्रती विकायला दिसतात आणि बऱ्याच विक्रेत्यांनी 'दुर्मीळ' असं लिहिलेलं असतं.

जुनी_पाने

'दुर्मीळ' या शब्दाकडे दुर्लक्ष करा आणि प्रकाशकाकडे बघा.

'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' १९०० मध्ये शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने काढलं. फिकट हिरवं कापड, त्यावर लाल आणि गडद हिरवा ठसा, आत डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोची २४ रंगीत चित्रं. हिल कंपनी १९०२ मध्ये बुडाली आणि १९०३ मध्ये बॉब्स-मेरिलने पुस्तक 'द न्यू विझर्ड ऑफ ऑझ' या नावाने आणलं. तेव्हा बॉब्स-मेरिलचं नाव असेल तर ती पहिली आवृत्ती नाही, विक्रेता काहीही म्हणो.

हिलच्या प्रतींतही भेद आहेत. पुस्तकाच्या अगदी शेवटी छपाईची माहिती देणारा मजकूर आहे. सुरुवातीच्या प्रतींत तो ११ ओळींचा, चौकटीत. नंतरच्या प्रतींत १३ ओळींचा. ८१ व्या पानावर एका शब्दात दोन अक्षरं मागेपुढे झाली होती, ती चूक पुढे दुरुस्त केली. चूक असलेली प्रत आधीची. बांधणी करताना आधीचे-नंतरचे छापील फर्मे एकमेकांत मिसळले गेले, म्हणून एकच खूण बघून निकाल देऊ नका. मुलांनी हाताळलेलं पुस्तक असल्यामुळे चित्रांची पानं निसटलेली असतात. २४ च्या २४ मोजा.

ही प्रत आपल्या आवाक्यातली नाही हे खरं. पण डेन्स्लोची रंगयोजना बघायची तर मॉरो आणि बुक्स ऑफ वंडर यांनी १९८७ मध्ये काढलेली प्रतिकृती घ्या. डोरोथी ज्या प्रदेशात असेल त्या प्रदेशाचा रंग पानांवरच्या रेखाटनांत उतरतो. मंचकिनांकडे निळा, एमराल्ड सिटीत हिरवा, विंकींकडे पिवळा, दक्षिणेत लाल. सिनेमाने दार उघडून जे केलं ते डेन्स्लोने पानं उलटता उलटता ३९ वर्षं आधी केलं होतं. स्वस्तात हवं असेल तर डोव्हरची १९६० ची पेपरबॅक बघा. टिपांसह वाचायचं असेल तर हर्नची सटीप आवृत्ती, पहिली १९७३ ची आणि वाढवलेली २००० ची नॉर्टनची.

सिनेमाच्या चाहत्यांसाठी आणखी एक: १९३९ मध्ये बॉब्स-मेरिलने सिनेमाच्या निमित्ताने काढलेली आवृत्ती. पुठ्ठ्याच्या आतल्या कागदांवर सिनेमातले फोटो आहेत. जॅकेटसह मिळाली तर सोडू नका.

नवी_वाचक

इतकं सविस्तर सांगितल्याबद्दल खूप खूप आभार! प्रतिकृतीपासूनच सुरुवात करते.

मंजिरी_वाचते

सलमान रश्दीचं छोटेखानी पुस्तक राहिलं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मालिकेत १९९२ मध्ये आलेलं. दहाव्या वर्षी मुंबईत त्याने पहिली गोष्ट लिहिली ती याच सिनेमाच्या प्रभावाखाली. लेखक म्हणून आपल्यावर पहिला संस्कार या सिनेमाचा, असं तो म्हणतो. भल्या चेटकिणीपेक्षा, ग्लिंडापेक्षा, दुष्ट चेटकीण त्याला जास्त भावते. मी हॅमिल्टनच्या पक्षातली, त्यामुळे मला पटतं.

अनघा_क

ग्लिंडावर अन्याय नको हं. तिचं काम करणारी बिली बर्क तेव्हा ५४ वर्षांची होती, हॅमिल्टनपेक्षा १८ वर्षांनी मोठी, बघून पटतं का? ब्रॉडवेची मोठी तारका, फ्लोरेन्झ झिगफेल्डची पत्नी. शेअर बाजार कोसळला त्यात झिगफेल्डची सगळी पुंजी गेली, १९३२ मध्ये तो वारला आणि ती सिनेमात कामं करत राहिली. त्या गुलाबी पोशाखात, त्या किणकिणत्या आवाजात हे कुठे जाणवतं? तिचं आत्मचरित्र 'विथ अ फेदर ऑन माय नोज' १९४९ चं. ऑझपुरतं वाचायला गेलात तर निराश व्हाल, सगळा भर रंगभूमीवरच्या दिवसांवर आहे. पण बाईंसाठी वाचा.

पिवळी_वाट

बर्कचं पुस्तक यादीत घेतलं. फ्रँक मॉर्गनवर एखादं स्वतंत्र चरित्र कोणाच्या वाचनात आलं असेल तर जरूर सांगा. तो सप्टेंबर १९४९ मध्ये गेला. सीबीएसने सिनेमा पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला तो ३ नोव्हेंबर १९५६ ला, आणि पुढे दरवर्षी घराघरांत जे प्रेम मिळालं ते बोल्जर, हेली, लार, हॅमिल्टन सगळ्यांनी पाहिलं. पाच भूमिका करणाऱ्या मॉर्गनला मात्र ते बघायला मिळालं नाही. हार्मेट्झच्या पुस्तकात त्याच्याबद्दल आहे तेवढं वाचून झालंय, पण माझं समाधान झालेलं नाही.

जुनी_पाने

मॉर्गनसाठी 'द बॉम ब्यूगल'चे जुने अंक चाळून बघा. आंतरराष्ट्रीय ऑझ क्लबचं नियतकालिक आहे, क्लब १९५७ पासूनचा. तेरा वर्षांच्या एका मुलाने तो सुरू केला होता. सुटे जुने अंक पुस्तकांपेक्षा कमी खर्चात मिळतात. माझ्याकडचे अंक या आठवड्यात काढून बघतो आणि मॉर्गनबद्दल जे असेल ते इथेच टाकतो.